बोधचिन्ह राहिले, बागा गेल्या

आपल्याकडे एखाद्या मालाला भौगोलिक मानांकन, म्हणजे बाजारात ज्याला ‘जीआय’ म्हणतात ते मिळाले की हारतुरे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतात, आणि व्यापारी व कारागीर बांधव निश्चिंत होतात. आता आपल्या मालाला सरकारी मोहर लागली, आता भाव आपोआप वाढेल, नकली माल आपोआप थांबेल, असा समज पसरतो. हा समज घातक आहे. मोहर म्हणजे धंदा नव्हे. मोहर मिरवली आणि धंदा बुडाला असे घडू शकते, आणि घडलेही आहे. त्याचा दाखला इंडोनेशियातील एका काटेरी झुडपाने दिला आहे. फळांच्या व्यापारातील बागवान बंधूंनी आणि हातकामावर पोट भरणाऱ्या प्रत्येक कारागिराने तो समजून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

या झाडाचे नाव सालाक. ताड, माड, खजूर, सुपारी यांच्याच कुळातले. पण नारळासारखे उंच जाणारे नव्हे. याचे खोड जमिनीच्या वर फारसे येतच नाही. जमिनीतूनच पाच-सहा मीटर लांबीच्या झावळ्या फुटतात आणि झाडाचा एक मोठा झुबका तयार होतो. झावळीच्या देठावर बोटापेक्षा लांब, सुईसारखे टोकदार काटे असतात. काटे इतके जबर की जावा बेटावर पूर्वापार कुंपणासाठीही हे झाड लावले जाई. फळ लागते ते थेट बुंध्याशी, जमिनीलगत, घोसाने. आकार अंजिराएवढा, साल तपकिरी आणि सापाच्या कातडीसारखी खवल्याखवल्यांची. म्हणूनच परदेशी लोक याला सापाचे फळ म्हणतात. टोकाला चिमटा घेतला की साल सुटते आणि आत लसणाच्या मोठ्या पाकळ्यांसारख्या तीन फोडी निघतात. गर पांढुरका, सफरचंदासारखा कुरकुरीत, चव गोड-आंबट. प्रत्येक फोडीत एक टणक बी असते, ती खात नाहीत.

या फळाचे मूळ घर जावा आणि सुमात्रा. सुमात्रात पादांग सिदेम्पुआन नावाचे एक शहर तर ‘सालाकचे शहर’ म्हणूनच ओळखले जाते. तिथल्या फळाच्या गरात लाली असते. मात्र आपला विषय मुख्यत्वे दोन ठिकाणांचा आहे. एक जकार्ता शहरातील चोंदेत, आणि दुसरे मध्य जावातील योग्यकार्ता प्रांताचा स्लेमान जिल्हा. दोन्हीकडे एकच झाड, दोन्हीकडे मुस्लिम बागायतदार, दोन्हीकडे नावाजलेले फळ. एकीकडे हा धंदा संपला, दुसरीकडे तो समुद्रापार गेला. असे का झाले, हा प्रश्न आहे.

मेहनतीचे झाड

हे फळ आयते मिळत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. जावातील सालाकमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. फळ फक्त मादीला लागते. परंतु नराचे परागकण मादीच्या फुलावर पडले नाहीत तर ते फुल वाया जाते. वाऱ्यावर वा किड्यांवर भरवसा ठेवून व्यापारी बाग चालत नाही. म्हणून बागायतदार नर फुलोरा कापून आणतो, फुललेल्या मादी फुलोऱ्यावर तो हाताने झटकतो आणि पावसाने पराग धुऊन जाऊ नयेत म्हणून त्यावर पानाचे झाकण घालतो. मादी फुल दोन-तीन दिवसच तयार असते. तेवढ्यात काम झाले नाही तर तो घोस गेला. म्हणजे बागायतदाराला रोज काट्यांच्या जाळीत शिरून कोणते फुल आज उमलले हे पाहावे लागते. त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी फळ हाती येते.

बी पेरून रोप केले तर ते नर निघेल की मादी, हे आधी सांगता येत नाही. वर चवही आईच्या झाडासारखी येईल याची खात्री नाही. म्हणून चांगल्या मादी झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या कोंबाला मुळे फोडून, तो वेगळा करून लावतात. लागवडीनंतर तीन-चार वर्षांनी फळ सुरू होते आणि झाड पुढे कित्येक वर्षे उत्पन्न देते.

तोडणीनंतरही काम संपत नाही. सालीच्या खवल्यांना बारीक कुसे असतात, ती घासून काढावी लागतात. मग आकाराप्रमाणे निवड, मग टोपल्यांत भरणे. साध्या हवेत हे फळ आठ-दहा दिवसांच्या पुढे टिकत नाही. ज्यांनी केळी, अंजीर किंवा सीताफळाचा धंदा केला आहे, त्यांना नाशवंत मालाचे दुःख वेगळे सांगायला नको. माल हातात आला त्या घटकेपासून घड्याळ चालू होते.

चोंदेतची हकिकत

चोंदेत हा पूर्व जकार्तातील चिलिवुंग नदीकाठचा भाग. बेतावी म्हणजे जकार्ताचे मूळ मुस्लिम रहिवासी. त्यांची ही जुनी वस्ती. सालाक आणि दुकू या दोन फळांसाठी चोंदेत प्रसिद्ध होते. जकार्ता वाढू लागले तसा या बागांवर दबाव आला. तेव्हाचे गव्हर्नर अली सादिकिन यांच्या काळात, १९७० च्या दशकाच्या मध्यात, चोंदेत हे बेतावी संस्कृती आणि फळबागांचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हेतू चांगला होता. बागा टिकाव्यात, घरांची गर्दी होऊ नये, जुनी वस्ती जशीच्या तशी राहावी.

पुढे १९८९ मध्ये जकार्ताने आपले बोधचिन्ह ठरवले. त्यात पक्षी म्हणून घार निवडली, ज्या घारीचे डोके पांढरे व पंख तांबूस असतात ती. आणि वनस्पती म्हणून निवडला चोंदेतचा सालाक. घारीने सालाकचा घोस पकडला आहे, असे ते चित्र. शहरात त्याचा पुतळाही उभा राहिला. एका काटेरी झुडपाच्या फळाला राजधानीच्या बोधचिन्हाचा मान मिळाला. याहून मोठी मोहर कोणती?

पण त्याच काळात चोंदेतच्या बागा झपाट्याने संपत होत्या. राखीव क्षेत्राच्या घोषणेने जमिनीचा भाव थांबला नाही. बाहेरून येणाऱ्यांना घरासाठी तुकडा हवा होता, आणि बागायतदाराला सालाक विकून वर्षभरात जे मिळे त्याच्या अनेक पट जमिनीच्या एका व्यवहारात मिळत होते. शिवाय बांधकामावर बंधन घालणाऱ्या सरकारने, बाग राखली तर मालकाचे पोट कसे भरेल याची सोय तेवढ्याच जोमाने केली नाही. वारसांत वाटण्या झाल्या, एकेका बागेचे तुकडे पडले, तुकड्यांवर घरे आली. आज चोंदेतचा रस्ता अत्तराच्या दुकानांसाठी आणि हजहून परतणाऱ्यांच्या भेटवस्तूंच्या दुकानांसाठी ओळखला जातो. त्यांत हद्रमौतहून आलेल्या अरब घराण्यांच्या वंशजांची दुकाने बरीच आहेत. सालाकच्या बागांपैकी सरकारने राखलेली काही हेक्टरांची एक बाग आणि इकडेतिकडे उरलेली झाडे एवढेच शिल्लक आहे. बेतावी संस्कृतीच्या जतनाचे केंद्रही नंतर सेतू बाबाकान या दुसऱ्या भागात नेण्यात आले.

यात अत्तरवाल्या व्यापाऱ्यांचा काही दोष नाही. धंदा जिथे चालतो तिथे माणूस दुकान टाकणारच. जमीन विकणाऱ्या बागायतदारालाही दोष देता येत नाही. शहराच्या अभिमानासाठी त्याने एकट्याने तोटा का सोसावा? दोष आहे तो या समजुतीचा, की मान दिला म्हणजे माल जगतो. बोधचिन्हाने सालाकला मान दिला, गिऱ्हाईक दिले नाही. बागायतदारांची एकजूट बांधली नाही. मालाला वेगळा भाव मिळवून दिला नाही. म्हणून आज जकार्तात सालाकचे चित्र आहे, पण बाजारातला सालाक बहुतांशी बाहेरगावचा आहे.

स्लेमानने काय केले

आता स्लेमानकडे पाहू. मेरापी या जागत्या ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरचा हा जिल्हा. राखेमुळे माती सुपीक आणि पाण्याची ददात नाही. इथल्या सालाकच्या जातीला पोन्दोह म्हणतात. नारळाच्या शेंड्यातील कोवळ्या, गोड गाभ्याला जावानी भाषेत पोन्दोह म्हणतात, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. तिकडे प्रचलित असलेली हकिकत अशी, की १९१७ च्या सुमारास मायदेशी परतणाऱ्या एका डच माणसाने तेंपेल भागातील एका गावकामगाराला सालाकच्या चार बिया दिल्या. त्यांतून निघालेल्या झाडाचे फळ विलक्षण गोड निघाले, आणि पुढे त्याच्या मुलाने ती जात वाढवली.

पोन्दोहचा मोठा गुण असा की फळ पुरते पिकण्याआधीही गोड लागते. सालाकच्या इतर अनेक जाती कच्च्या असताना तुरट लागतात, जीभ आवळते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या गुणाची किंमत फार मोठी आहे. कारण फळ थोडे आधी तोडून दूरच्या बाजाराला पाठवता येते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडे करीत नाही.

परंतु नुसत्या गुणाने धंदा उभा राहिला नाही. १९८० च्या दशकापासून स्लेमानच्या तुरी आणि आसपासच्या तालुक्यांत शेतकऱ्यांनी भातखाचरे मोडून पोन्दोह लावला. झाडाखालचे कोंब वेगळे करून विकणे हाही एक जोडधंदा झाला, आणि त्यामुळे एकाच चवीचा माल मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागला. १९९९ पर्यंतच्या पाच वर्षांत योग्यकार्ता प्रांतातील सालाकचे उत्पादन दुप्पट होऊन २८,६६६ टनांवर गेले. शेतकऱ्यांचे गट झाले. गटांनी आकाराप्रमाणे प्रतवारी ठरवली. परदेशी माल पाठवायचा तर बागेची नोंद हवी, कीड-रोगाची तपासणी हवी, बांधणीचे ठिकाण मान्य झालेले हवे; ही सगळी किटकीट गटांनी पत्करली. त्यातूनच चीन आणि कंबोडियासारख्या बाजारांत स्लेमानचा माल जाऊ लागला. फळमाशीच्या भीतीने परदेशी फळांबाबत अतिशय कडक असलेल्या न्यूझीलंडचा दरवाजाही २०१८ मध्ये उघडला.

भौगोलिक मानांकनाची पायरी माल आणि गट उभे राहिल्यानंतरची. ‘पोन्दोह’ हे जातीचे नाव. शेजारच्या मागेलांगमध्ये आणि जावात इतरत्रही लोकांनी ही जात लावली. जातीच्या नावावर कोणाची मक्तेदारी चालत नाही, आणि ती चालूही नये. म्हणून स्लेमानवाल्यांनी आपल्या गावाचे नाव त्याला जोडून ‘सालाक पोन्दोह स्लेमान’ अशी नोंद करून घेतली. जातीचे नाव सर्वांचे, गावाचे नाव आमचे, असा हा हिशेब आहे. चोंदेतमध्ये मोहर आधी मारली आणि तिच्यामागे धंद्याची बांधणी झाली नाही. स्लेमानमध्ये माल, गट आणि प्रतवारी आधी तयार झाली आणि मोहर नंतर आली. दोन्हींतला फरक इतकाच आहे, पण त्याने सगळे ठरवले.

२०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेरापीचा मोठा उद्रेक झाला. साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. राखेच्या ओझ्याने सालाकच्या झावळ्या मोडून पडल्या, बागाच्या बागा राखेखाली गेल्या. त्या वेळी अनेकांना वाटले की आता हा धंदा संपला. परंतु बागा साफ झाल्या, बुंध्यातून पुन्हा कोंब फुटले, नवी लागवड झाली आणि माल पुन्हा बाजारात आला. चोंदेतच्या बागा ज्वालामुखीशिवायच गेल्या, आणि स्लेमानच्या बागा ज्वालामुखीनंतरही राहिल्या. कारण इथे झाडामागे चालता धंदा होता. झाड पुन्हा लावले तर माल खपेल, याची शेतकऱ्याला खात्री होती.

स्लेमानचेही दुखणे आहे

मात्र स्लेमान म्हणजे सुखाचे बेट आहे, असे कोणी समजू नये. तिथेही वर्षाअखेरच्या भर हंगामात एकदम माल येतो आणि भाव असा कोसळतो की काट्यांत हात घालून फळ तोडण्याची मजुरीही निघत नाही. परदेशी जाणारा माल एकूण उत्पादनाच्या मानाने थोडाच. बाकीचा गावच्या दलालाच्या हाती जातो आणि भाव तोच ठरवतो. जिकडेतिकडे पोन्दोह लागल्यामुळे स्पर्धा वाढली. मानांकनाचा कागद या घसरणीला अडवू शकलेला नाही, हेही स्वच्छपणे सांगितले पाहिजे.

यावर तिथल्या घरगुती उद्योगांनी शोधलेला उपाय म्हणजे प्रक्रिया. हवा काढून घेतलेल्या बंद कढईत कमी उष्णतेवर सालाकच्या फोडी तळतात. कुरकुरीत काप तयार होतात आणि ते महिनोन्महिने टिकतात. सालाकचा हलव्यासारखा दोदोल, पाकातल्या फोडी, इतकेच काय बियांपासून कॉफीसारखी भुकटीही निघते. हे काम बहुतेक स्त्रियांच्या हाती आहे. इंडोनेशियाने २०१४ मध्ये हलाल उत्पादनांच्या हमीचा कायदा केला आणि ऑक्टोबर २०२४ पासून खाद्यपेयांना हलाल प्रमाणपत्राची सक्ती सुरू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली. झाडावरून तोडलेल्या ताज्या फळाला त्याची गरज नाही, पण तळलेल्या कापांना आहे, कारण तिथे तेल आणि मसाल्याचा प्रश्न येतो. म्हणजे प्रक्रियेबरोबर कागदपत्रेही आलीच. ज्यांचे गट होते त्यांना हे ओझे वाटून घेता येते. एकट्या घराला ते जड जाते.

बाली बेटावरील करंगासेम जिल्ह्याचे उदाहरणही येथे थोडक्यात नोंदवतो. तिथल्या सिबेतान भागात हिंदू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सालाक लावतात. बालीची जात अशी की एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुले येतात, त्यामुळे हाताने पराग लावण्याचे कष्ट वाचतात. सालाकबरोबर तिथे इतर फळझाडेही एकाच बागेत असतात, म्हणजे एका मालाचा भाव पडला तरी घर बुडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये या मिश्र बागांच्या पद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. इथे मान एका फळाला मिळालेला नाही, काम करण्याच्या पद्धतीला आणि ती चालवणाऱ्या माणसांना मिळाला आहे, हे ध्यानात घ्यावे. तरीही तो मान बाजारात उतरवण्याचे काम सिबेतानच्या शेतकऱ्यांनाच करावे लागेल.

आपल्याकडची स्थिती

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात मानांकनांची कमी नाही. सोलापूरचे डाळिंब, जळगावची केळी, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, पुरंदरचे अंजीर, डहाणू-घोलवडचे चिकू यांची नोंद २०१६ मध्ये झाली. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. ही बहुतेक फळे मंडईत विकणाऱ्यांत बागवान बंधूंचा वाटा मोठा आहे. पण आपल्या दुकानातील किती पेट्यांवर हे मानांकन दिसते? आणि किती व्यापाऱ्यांनी त्याची चौकशी केली आहे?

कटू असले तरी एक सत्य बोललेच पाहिजे. हापूसच्या हंगामात दुसऱ्या राज्यातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या पेटीत भरून विकला जातो. हे सगळ्या समाजांचे व्यापारी करतात, आपल्यातलेही काही करतात. त्या दिवशी चार पैसे जास्त सुटतात. पण गिऱ्हाईक एकदा फसले की पुढच्या वर्षी ते खऱ्या पेटीलाही खोट्याचाच भाव देते. दुसऱ्या राज्यातला आंबा वाईट असतो असे नव्हे. तो त्याच्या स्वतःच्या नावाने विकावा, एवढेच. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर वेगळा संकेतांक असलेले स्टिकर आणले, ते याच दुखण्यावरचे औषध आहे. व्यापाऱ्यांनी त्याला अडचण मानू नये. खरा माल विकणाऱ्या दुकानदाराला ती ढाल आहे.

कारागिरांचेही तेच. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम सांभाळले, त्याचे हे चीज झाले. परंतु सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. त्या शेतकऱ्याला भोपळा परवडला नाही आणि त्याने दुसरे पीक घेतले, तर मिरजेत कागद भिंतीवर राहील आणि सतार कशाची करायची हा प्रश्न पडेल. कारागिराच्या मुलाला या कामात पोटापुरते मिळाले नाही तर तोही दुसरीकडे जाईल. चोंदेतमध्ये जमीन गेली. आपल्याकडे हात जातील.

२०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी वाटाव्या अशा चपला दाखवल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, पण ती फेटाळली गेली. याचिकाकर्ते हे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला. यातून बोध एकच. ज्याचे नाव नोंदवहीत आहे, त्याचेच म्हणणे ऐकले जाते.

करायचे काय?

आपल्या कायद्यात, म्हणजे १९९९ च्या आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेल्या भौगोलिक मानांकन कायद्यात, दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक मानांकनाची, जी बहुधा संस्थेच्या नावे असते. दुसरी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक उत्पादकाची. ही दुसरी नोंद केली नाही तर मानांकनाचे बोधचिन्ह आपल्या मालावर अधिकृतपणे लावता येत नाही. कितीतरी कारागिरांना आणि बागायतदारांना या दुसऱ्या नोंदीची माहितीच नाही. मानांकन दहा वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण लागते. २०१६ ची जी फळे वर सांगितली, त्यांच्या संस्थांनी तारखा तपासून घ्याव्यात.

यापुढे काही गोष्टी मनावर घ्यायला हव्यात. पहिली, प्रत्येक कारागिराने आणि बागायतदाराने आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी, आणि शिकलेल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. दुसरी, व्यापाऱ्यांनी अशा नोंद असलेल्या उत्पादकाकडून माल घ्यावा आणि पेटीवर गावाचे खरे नाव लिहावे. तिसरी, एकेकट्याने धडपडण्यापेक्षा गट करावा. प्रतवारी, पॅकिंग, तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च वाटून घ्यावा. चौथी, हंगामात भाव पडला की माल रस्त्यावर ओतण्याची वेळ येऊ नये यासाठी सुकवणे, तळणे, मुरंबा, रस यांचा विचार हंगामाच्या आधी करावा. या कामात घरच्या स्त्रियांचा हिस्सा आणि हिशेब दोन्ही असावेत.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. माल तयार करणाऱ्याला इतका भाव मिळाला पाहिजे की त्याच्या मुलाला बाग किंवा हत्यार सोडावेसे वाटणार नाही. इथे व्यापाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. दलाली कापून, वजनात मारून, उधारी थकवून मिळवलेला नफा हा पुढच्या पिढीच्या मालातून कापलेला असतो. बागायतदार संपला की आडत कशावर चालणार, आणि कारागीर उठला की शोरूममध्ये काय मांडणार?

काही बंधू म्हणतील, आम्ही लहान माणसे, हे सरकारचे काम आहे. सरकारने चोंदेतसाठी घोषणा केली, बोधचिन्ह केले, पुतळा उभारला. सरकारच्या हातून जे होते ते झाले. स्लेमानचे शेतकरीही लहानच होते. एकेकाकडे जमिनीचा तुकडा थोडकाच. त्यांनी रोज सकाळी काट्यांत शिरून एकेका फुलावर हाताने पराग झटकला, गट केला, प्रतवारी पाळली, आणि मग नावाची नोंद केली. आपल्याकडे मोहर आधीच आलेली आहे. तिच्यामागे जे काम उभे करायचे ते अजून बाकी आहे, आणि ते आपल्यालाच करावे लागणार आहे.